सासूबाईंचा हात, आखाजीचे मांडे आणि मनगटातून अँजिओग्राफी

पत्र थोडक्यात असं आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. सासूबाई ६१ वर्षांच्या, शुगर पंधरा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. दोन महिन्यांपासून जिना चढला किंवा पाण्याची कळशी उचलली की छाती आवळल्यासारखी होते, खाली बसलं की थोड्या वेळात थांबते. जळगावच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. पंधरा दिवसांत अँजिओग्राफी (हृदयाच्या नसांचा फोटो) करून घ्या, मनगटातून नळी घालून करू, दुसऱ्या दिवशी घरी जाल, असं ते म्हणाले. पण सासूबाई खापरावरचे मांडे करतात, पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे, आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या ऑर्डरी आत्तापासून घेतल्यात. त्यांचं एकच, "मना हात गया ते मांडा कोन करी?" करायचीच असेल तर पायातून करा, नाहीतर आखाजी झाल्यावर बघू. शेजारच्या काकांचा हात अँजिओग्राफीनंतर कोपरापर्यंत काळानिळा पडलेला त्यांनी पाहिलाय. नाशिकचे दीर म्हणतात हातातून करणं हे नवीन फॅड, पायाची नस मोठी, तीच सेफ. नवरा म्हणतो आई तुझंच ऐकते, तूच समजाव. आणि वरून काचेच्या बांगड्या काढाव्या लागतील म्हटल्यावर सासूबाई आणखीच बिथरल्यात. ताईंचा प्रश्न, सासूबाईंना हातासाठी तयार करू, का डॉक्टरांना पायातून करायची विनंती करू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते, कॅथलॅबमधे, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात तिथे, टेक्निशियन म्हणून नोकरी केलेली बाई आहे, त्यामुळे टेबलावर काय होतं ते बघितलेलं सांगेन, औषधगोळ्यांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

तुम्ही विचारलंय हात का पाय, पण पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ "आखाजी झाल्यावर बघू" ही आहे. हात की पाय यावर डॉक्टरांशी बोलता येतं, दोन्हीकडून काम होतं, पण कधी करायचं हे ऑर्डरींच्या वहीवरून ठरवायचं नसतं. सध्या त्यांना श्रम केले की त्रास होतो आणि बसलं की थांबतो, म्हणजे डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले त्यात अर्थ आहे, आजच्या आज पळा असं ते म्हणाले नाहीत. पण हे बदलू शकतं. बसल्या जागी दुखायला लागलं, आधी दोन जिन्यांना दुखायचं ते आता मोरीपर्यंत जातानाच दुखतंय, दुखणं थांबेचना, घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दम लागला, यातलं काहीही झालं तर हात-पाय-आखाजी सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. शुगरवाल्या बायकांना तर कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ आणि थकवा येतो आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल, सोडा प्या. तेव्हा पहिलं काम, डॉक्टरांना सरळ विचारा, "हे किती दिवस थांबू शकतं?" आणि ते जी तारीख सांगतील ती सासूबाईंसमोर सांगायला लावा, तुमच्या तोंडून नको.

आता हाताचं. भीती नेमकी कशाची आहे ते जरा बघू, कारण तुम्ही सगळ्यांनी "हात जातो" हे धरूनच चाललंय आणि तिथेच गाडी अडलीये. मांडे मी पाहिलेत करताना. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर घेऊन, मनगटं फिरवत फिरवत, तळव्यावरून पार कोपरापर्यंत खेळवत तो एवढा मोठा करायचा की पलीकडचं दिसावं, आणि फाटू न देता उपड्या खापरावर टाकायचा. हे सगळं काम मनगटाचं आहे. त्या बाईला कोणी येऊन सांगतो मनगटात सुई घालणार, नळी घालणार, तर ती घाबरेल नाहीतर काय करेल? त्यांची भीती अडाणीपणाची नाहीये, त्यांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचं उत्तर त्यांना कोणी दिलेलं नाहीये.

उत्तर असं. वैद्य जिथे नाडी बघतात, अंगठ्याच्या बाजूला, तीच ही नस. ती कातडीच्या लगेच खाली आणि हाडावर टेकलेली असते. तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात (ते चुरचुरतं, खोटं कशाला सांगू), मग बारीक सुई, तार आणि छोटी नळी. आतून हृदयापर्यंत जाणारा कॅथेटर, म्हणजे लांब नळी, दोन मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहून बारीक. बोटं हलवणारे स्नायू, त्यांच्या दोऱ्या यातलं काही कापत नाहीत, टाकेसुद्धा पडत नाहीत. हाताची मोठी चेता मनगटाच्या मधोमध असते, ती या नसेपासून बाजूला. आणि हाताला रक्त काही एकाच नसेतून येत नाही, करंगळीच्या बाजूला दुसरी नस आहे आणि तळव्यात दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात, गावाला दोन पाइपलाइन असाव्या आणि टाकी एकच असावी तसं. म्हणून अंगठ्याकडची नस नंतर बंद पडली, तसं काही जणांत होतं, तरी बहुतेकांना कळतसुद्धा नाही, हात चालू राहतो. काही जणांना अंगठ्याच्या मागे थोडे दिवस बधिरपणा किंवा ठणका राहतो हेही खरं. पण आयुष्यभराचा हात गेला असं होणं फारच क्वचित.

शेजारच्या काकांचं काय मग? काळंनिळं पडणं म्हणजे नसेच्या छिद्रातून थोडं रक्त कातडीखाली पाझरलं आणि खाली उतरत गेलं. दिसायला भयंकर दिसतं, हिरवं पिवळं होत होत काही आठवड्यांत जातं. काकांना एकदा विचाराच ना, आता हात कसा आहे? मला वाटतं ते मोटरसायकल चालवत असतील. आपल्याकडे आजारपणातला काळा हात अख्खी गल्ली बघून जाते, बरा झालेला हात बघायला कोणी येत नाही.

काळजीची सूज वेगळी असते. हाताचा पुढचा भाग दगडासारखा टणक होतो, दुखणं वाढत जातं, बोटं पांढरी, गार किंवा मुंग्या आल्यासारखी होतात. असं झालं तर दवाखान्यात असाल तर लगेच सिस्टरला बोलवायचं, घरी आला असाल तर सकाळची वाट न बघता परत निघायचं. हे लवकर लक्षात आलं तर निस्तरतं.

आता पायाकडे येऊ, कारण सासूबाईंनी पाय मागितलाय तो पाय काय आहे हे न कळता मागितलाय. पाय म्हणजे जांघ. तिथले केस काढणार, साफ करणार. झाल्यावर नळी काढून जांघेवर कोणीतरी चांगलं दाबून धरणार आणि मग चार-सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं, कूस बदलायची नाही, उठून बसायचं नाही, लघवीला बेडपॅन. छिद्र बंद करायचं उपकरण वापरलं तर हा वेळ कमी होतो, पण तेही सगळीकडे वापरतात असं नाही. साठीची बाई, कंबर दुखणारी, वॉर्डात चार लोकं, आणि बेडपॅन. हे एकदा त्यांच्याशी बोला. हातातून केलं की मनगटाला एक पारदर्शक पट्टा बांधतात, त्यात हवा भरून छिद्रावर दाब देतात, ती हवा काही तासांत थोडी थोडी सोडत जातात. पेशंट उठून बसतो, चहा पितो, स्वतःच्या पायांनी संडासला जाऊन येतो. मी तर बघितलंय, या एका गोष्टीवर बायकांनी हात पसंत केलाय, बाकी काही समजावायची गरजच पडली नाही.

दिरांना सांगा, पायाची नस मोठी हे बरोबर, पण मोठी आणि खोल. तिथून रक्त गेलं तर पोटाच्या मागच्या बाजूला साचू शकतं आणि बाहेरून पटकन दिसत नाही, मनगटातलं रक्त अंगठ्याने दाबता येतं. आणि फॅड म्हणाल तर मॉन्ट्रियलच्या डॉ. लुसियन काम्पो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफी १९८९ मधे छापून आल्यात, त्यानंतर तीन-चार वर्षांतच अॅमस्टरडॅमचे डॉ. फर्दिनंद किमेनाय मनगटातून अँजिओप्लास्टी (ब्लॉक झालेली नस आतून उघडणं) करायला लागले होते. म्हणजे हे फॅड तुमच्या लग्नाच्या आधीचं असणार. २०११ मधे रायव्हल नावाची मोठी ट्रायल आली, सात हजारांवर पेशंट, त्यात नसेच्या मोठ्या भानगडी मनगटवाल्यांत १.४ टक्के आणि जांघवाल्यांत ३.७ टक्के निघाल्या. मृत्यू, अॅटॅक, स्ट्रोक, मोठा रक्तस्राव हे एकत्र धरलं तर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं, त्यामुळे पायातून केलं म्हणजे जिवाशी खेळ केला असंही कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ च्या मार्गदर्शनात अँजिओप्लास्टीसाठी शक्य असेल तिथे मनगटाला पहिली पसंती दिलीये, युरोपवाल्यांनी त्याच्याही आधी.

बायकांच्या बाबतीत एक गोम आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. बायकांची मनगटातली नस बारीक असते, आकसते लवकर, त्यामुळे काही वेळा हातातून सुरू करून मग पायावर जावं लागतं. रायव्हलमधेच मनगटवाल्या शंभरात सात-आठ जणांचं असं झालं होतं, बायका-पुरुष सगळे धरून. पण बायकांना जांघेतून रक्त जाण्याचा त्रासही पुरुषांपेक्षा जास्त होतो, म्हणून फायदा त्यांनाच जास्त. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तेव्हा सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की जांघ पण तयार करून ठेवतील, घाबरायचं नाही, ती राखीव जागा आहे. नाहीतर टेबलावर जांघेला औषध लावायला लागले की त्या म्हणतील सुनेने फसवलं.

आणि नस आकसण्यावरून मी मुद्द्यावर येते. नस कशाने आकसते? बारीक असणं, वारंवार टोचणं, दुखणं, आणि पेशंटचं घाबरणं. नळीतून नस सैल करायचं औषध देतात, लागलं तर थोडं गुंगीचंही देतात, पण ढकलून, रडवून, "आता मुकाट्याने चला" म्हणून आणलेली बाई टेबलावर मूठ आवळून पडते आणि डॉक्टरांचं काम अवघड होतं. म्हणून ताई, तुमच्या प्रश्नातला "तयार करू का" हा शब्द काढून टाका. सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, ऑर्डरी घेतात, हिशोब ठेवतात, त्यांना तयार करायचं नाहीये, माहिती द्यायचीये. सही त्यांची, शरीर त्यांचं. नवऱ्याने "तूच समजाव" म्हणून तुमच्या गळ्यात घातलंय ते पण मला फारसं पटलं नाही, उद्या काही कमीजास्त झालं तर "तूच म्हणाली होतीस" हे ऐकायला कोण असणार? तुम्हीच ना. त्यापेक्षा नवऱ्याने आईला घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जावं, तुम्ही सोबत असा, आणि सासूबाईंनी स्वतः विचारावं, "डॉक्टरसाहेब, मी हातावर मांडा करते, कोणता हात घेणार, कधी करता येईल?" हात करून दाखवला तर आणखी बरं. डॉक्टर लोकांना पेशंट काय काम करतो हे कळलं की तेही वेगळं बोलतात.

त्याच भेटीत अजून काही विचारून घ्या. सोयीचा म्हणून बहुतेक ठिकाणी उजवा हात घेतात, पण डाव्यातूनही होतं, ज्या हातावर जास्त भार असेल तो वाचवता येईल का बघा. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथूनही काही डॉक्टर करतात, पण नस तिथे आणखी बारीक आणि सवय सगळ्यांना नसते, म्हणून व्हिडिओ बघून तसंच करा असा हट्ट धरू नका, डॉक्टरांचा ज्यात हात बसलाय तेच चांगलं. तुमचे डॉक्टर मनगटातून नेहमी करतात का हेही विचारा, त्यात त्यांचा अपमान नाही.

किडनीचं तर नक्की विचारा, पंधरा वर्षांची शुगर आहे. क्रिएटिनिन (रक्ताच्या तपासणीत किडनीचा अंदाज देणारा आकडा) किती आहे ते बघा, कारण फोटोत नसा दिसाव्यात म्हणून आत जो डाय सोडतात तो किडनीतून बाहेर पडतो, शिवाय शुगरची मेटफॉर्मिनची गोळी असेल तर ती चालू ठेवायची की थांबवायची हे त्या रिपोर्टवर ठरतं, ते डॉक्टर सांगतील, घरच्या घरी बंद करू नका. किडनी आधीच बरीच कमजोर असेल आणि पुढे कधी डायलिसिसची वेळ येऊ शकते असं असेल तर हातातल्या नसा फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी हातातल्या दोन नसा जोडतात त्यासाठी) जपायच्या असतात, मग डॉक्टर स्वतःच पाय म्हणतील. तेव्हा पाय बरोबर. तसंच ज्यांची मनगटाची नाडीच लागत नाही, ज्यांच्या हातात फिस्टुला आहे, त्यांचंही वेगळं. हे मी तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी पण लिहितेय, "हातच चांगला" असं डोक्यात धरून दवाखान्यात भांडू नये म्हणून.

अजून एक, आणि यात घरोघरी गोंधळ होतो. अँजिओग्राफी म्हणजे फक्त फोटो. ब्लॉक दिसला तर त्याच वेळी स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकायचा का, हे कॅथलॅबच्या दारात नातेवाइकांना पाच मिनिटांत विचारतात, कोणी रडतंय, कोणी नाशिकला फोन लावतंय, कोणी एटीएमला पळालंय. हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा, सासूबाईंना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमधे ते हॉस्पिटल आहे का, रेशनकार्ड आधार लागतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधी भेटून विचारा.

बांगड्यांचं. हसण्यावारी नेऊ नका. मनगटातून करायचं तर त्या हातात काच चालत नाही, आणि एका हातातून नाही जमलं तर दुसरा लागू शकतो म्हणून दोन्ही हात मोकळे करायला सांगतात, मंगळसूत्रही काढायला लावतात कारण छातीच्या फोटोत मधे येतं. ऐनवेळी वॉर्डात सिस्टरने कात्रीने किंवा फोडून काढल्या की बाईच्या मनाला लागतं, ते मी पाहिलंय, फोडणारीला काही वाटत नाही कारण तिला रोज दहा हात असतात. म्हणून दोन दिवस आधी कासारणीला घरी बोलवा, ती तेल लावून न फोडता उतरवेल. उतरवलेल्या देव्हाऱ्यात ठेवा आणि पट्टी निघाली, जखम सुकली की तिच्याकडूनच परत भरून घ्या, वाटलं तर नव्या हिरव्या भरा. सासऱ्यांनी स्वतः म्हटलं ना की काढ, मी इथेच आहे, तर निम्मं काम झालं. सासरे पत्रात कुठेच नाहीत हो तुमच्या, त्यांना जरा पुढे करा की.

झाल्यानंतरचं आता पटकन सांगते. पट्टा बांधल्यावर सिस्टरला विचारायचं की पट्टा असताना नाडी लागते का, कारण रक्त थांबेल इतकाच दाब हवा, नस पूर्ण चेपून ठेवली तर ती बंद पडायची शक्यता वाढते. घरी आल्यावर पहिला दिवसभर त्या मनगटाला वाकवायचं नाही, त्या हातावर रेलून उठायचं नाही. कळशी, बादली, कणीक तिंबणं, धुणं पिळणं हे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस बंद, साधारण आठवडाभर धरून चाला. बोटांची हालचाल मात्र करत राहायची, हात गळ्यात बांधून बसायचं नाही. मधेच रक्त आलं तर खाली बसवायचं, बरोबर छिद्रावर अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, आणि थांबत नसेल तर दाबलेलं तसंच ठेवून दवाखाना. हळद, चुना, कॉफी पावडर काही भरायचं नाही त्यावर. स्टेंट पडला तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लागतील, त्या एकही दिवस स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

आणि आखाजीच्या ऑर्डरी. इथे मला वाटतं हात मनगट हे सगळं निमित्त आहे, हृदय काय म्हणेल हा खरा प्रश्न आहे. चुलीसमोर, उन्हाळ्यात, खापराची धग छातीवर घेत तासनतास उभं राहणं हे ट्रेडमिल टेस्टपेक्षा कमी नाहीये, आणि ट्रेडमिलवर काय झालं ते रिपोर्टात लिहिलंय. म्हणजे अँजिओग्राफी पुढे ढकलून मांडे केले तर हात शाबूत राहील पण छाती आवळेल. रिपोर्टात काय निघतं त्यावर डॉक्टर सांगतील यंदा जमेल का. ब्लॉक किरकोळ निघाले, गोळ्यांवर भागलं तर मनगट बरं झाल्यावर कदाचित काम सुरूही करता येईल. बायपास सांगितलं तर यंदाचं विसरा. तोपर्यंत नवीन ऑर्डर घेऊ नका, घेतलेल्यांना आत्ताच फोन करून सांगा की पक्कं नाही, लोकं समजून घेतात, गावातलीच आहेत. आणि थोड्याच ऑर्डरी ठेवायच्या झाल्या तर सासूबाई चुलीपासून लांब खाटेवर बसून सांगतील आणि तुम्ही किंवा नणंद हातावर घ्याल असं करून बघा. पहिले चार फाटतील, पाचवा त्या स्वतः उठून हिसकावून घेतील, तेव्हा त्यांना खाली बसवायचं काम नवऱ्याकडे द्या.

जाताना ट्रेडमिलचा रिपोर्ट, जुने ईसीजी, शुगर-बीपीच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घ्या, कशाची अॅलर्जी असेल, आधी कधी डायने पुरळ आलं असेल तर ते आठवून सांगा, आणि उपाशी किती वेळ राहायचं, सकाळची इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घ्यायची का नाही हे आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा.